हातातल्या संगणकासाठी देवनागरी कळफलक आखताना

गोव्यात हातात मावणाऱ्या संगणकावर मराठी नोंदी ठेवायच्या असतील, तर कळफलक आखण्याआधी आपल्याच लिखाणातील दोन-तीन पाने घेऊन अक्षरांची वारंवारता मोजावी. आधार म्हणून इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित कळफलक, घ्यावा. त्यात स्वर व मात्रा डावीकडे आणि व्यंजने बहुतांशी उजवीकडे असल्यामुळे दोन अंगठ्यांनी टंकताना काम आपोआप दोन्ही हातांत वाटले जाते, आणि ही सोय मोडण्याचे काहीच कारण नाही.

अडचण शिफ्टची आहे. इनस्क्रिप्टमध्ये ‘ळ’ आणि ‘ण’ शिफ्टच्या, म्हणजे शिफ्ट दाबल्यावरच मिळणाऱ्या वरच्या थरात आहेत. मोठ्या कळफलकावर ते खपते, परंतु अंगठ्याने ‘वाळपई’, ‘सांखळी’ किंवा ‘काणकोण’ लिहिताना दर वेळी जादा कळ दाबावी लागते. म्हणून ही दोन अक्षरे खालच्या थरात आणावीत आणि त्यांच्या जागी ‘ङ’, ‘ञ’ यांसारखी क्वचित लागणारी अक्षरे नव्हे (ती मुळातच वर असतात), तर विरामचिन्हांच्या कळा वरच्या थरात पाठवाव्यात. हलन्ताची (‘्’ या पाय मोडणाऱ्या चिन्हाची) कळ मात्र डाव्या अंगठ्याच्या सहज टप्प्यातच ठेवावी, कारण ‘म्हापसा’, ‘पर्वरी’ अशी जोडाक्षरे तिच्यावाचून उमटत नाहीत. ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ्य’साठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ (युनिकोड क्रमांक यू+०९३१) लागतो, तर ‘बॅटरी’, ‘ऑफिस’ यांसाठी ‘ॅ’, ‘ऑ’; त्यांना वरच्या थरात जागा पुरे.

शिफ्ट धरून ठेवावी लागू नये. एकदा दाबून सोडल्यावर ती पुढील एकाच अक्षरापुरती लागू राहील, अशी व्यवस्था फर्मवेअरमध्ये, म्हणजे कळफलक चालवणाऱ्या अंगभूत आज्ञावलीत करावी. कळांवरील अक्षरे कायमची कोरण्यापूर्वी कागदी चिकटपट्ट्या लावून आठवडाभर वापरून पाहावे.