गॅलॅक्सीवर आरएनए-सेक: स्वतःसाठी, वर्गासाठी आणि सहकाऱ्यासाठी

आरएनए-सेक म्हणजे कोणती जनुकं किती सक्रिय आहेत हे आरएनए वाचून मोजणं. 8 जीबी रॅमच्या संगणकावर त्यातली रीड्स (वाचलेले छोटे तुकडे) माणसाच्या जीनोमशी जुळवायला बसलात, तर बाकीची कामं ठप्प होतात. गॅलॅक्सी या जनुकीय डेटाच्या विश्लेषणाच्या मंचावर हेच काम ब्राउझरमधून आणि फुकट होतं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात 2005 साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचे आज अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात मोठे सार्वजनिक सर्व्हर आहेत. युरोपचा जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून चालतो. प्रत्येक सर्व्हरवर खातं वेगळं असतं, म्हणून एक निवडा आणि त्यालाच चिकटून राहा. जागा वाढवायला दुसरं खातं काढू नका, नियमात बसत नाही. रुग्णांची ओळख पटेल असा डेटा सार्वजनिक सर्व्हरवर अजिबात चढवू नका.

युरोपच्या सर्व्हरवर नोंदणीनंतर साधारण 250 जीबी जागा मिळते. ती वाटते त्यापेक्षा लवकर भरते, कारण मूळ फास्टक्यू (रीड्सची फाइल), छाटलेली फास्टक्यू आणि बॅम (जीनोमशी जुळवलेली रीड्स) अशा एकाच नमुन्याच्या तीन प्रती साठतात. पुढची पायरी तपासून झाली की मधली फाइल काढून टाका. पण नुसतं डिलीट पुरत नाही. कायमची पुसेपर्यंत ती कोट्यात मोजली जाते.

नवी हिस्टरी (एका विश्लेषणाच्या फाइली आणि पायऱ्यांची नोंद) उघडली की आधी तिला नाव द्या. डेटा एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या एसआरए या सार्वजनिक संग्रहात असेल, तर आधी घरी उतरवून मग चढवण्याचा खटाटोप नको. तिथला एसआरआर क्रमांक दिला की गॅलॅक्सी तो परस्पर आणते. नमुने चारपेक्षा जास्त असतील तर एकेका नमुन्याच्या दोन-दोन फाइलींच्या जोड्यांचं कलेक्शन बनवा, म्हणजे प्रत्येक टूल एकदाच चालवावं लागतं.

त्यानंतरचा टूल्सचा क्रम ठरलेला: फास्टक्यूसी (दर्जा तपासणी), फास्टपी (छाटणी), हायसॅट2 (जीनोमशी जुळवणी), फीचरकाउंट्स (जनुकनिहाय मोजणी), डीइसेक2 (गटांची तुलना). मधले अहवाल मल्टीक्यूसीत एकत्र बघा. करडा रंग म्हणजे काम रांगेत, नारिंगी म्हणजे चालू, हिरवा म्हणजे पूर्ण, लाल म्हणजे बिघाड. लाल दिसला तर किड्याच्या चिन्हावर क्लिक करून संदेश वाचा.

टूलच्या यादीत तुमची फाइल दिसतच नसेल, तर बहुधा तिचा डेटाटाइप नुसता ‘फास्टक्यू’ लागलेला असतो. पेन्सिलवर क्लिक करून तो ‘फास्टक्यूसँगर’ करा, फाइल जीझेडने दाबलेली असेल तर ‘फास्टक्यूसँगर डॉट जीझेड’. जुन्या इल्युमिना फाइलींत रीड्सच्या दर्जाच्या गुणांकाची सुरुवात 33 ऐवजी 64 पासून होते, म्हणून गॅलॅक्सीला हा फरक स्पष्ट हवा असतो. त्यामुळे डेटा जुना असेल तर प्रकार बदलण्याआधी फास्टक्यूसीच्या अहवालात एन्कोडिंग (गुणांक लिहिण्याची पद्धत) बघा.

सगळ्यात फसवी चूक मात्र हिरव्या रंगात येते. फीचरकाउंट्स व्यवस्थित पूर्ण होतं, पण फाइल उघडावी तर सगळ्या जनुकांपुढे शून्य. अशा वेळी सारांशाच्या फाइलमध्ये जवळजवळ सगळी रीड्स ‘अनअसाइन्ड नोफीचर्स’ या ओळीत पडलेली दिसतात. कारण नावांचं आहे: गॅलॅक्सीतल्या एचजी38 या मानवी जीनोमच्या आवृत्तीमध्ये गुणसूत्राचं नाव ‘सीएचआर1’ असतं, तर एन्सेम्बल या डेटाबेसच्या जीटीएफमध्ये (जनुकांच्या जागांच्या फाइलमध्ये) नुसतं ‘1’. पुढे ‘सीएचआर’ जोडून भागत नाही, कारण एन्सेम्बलचं ‘एमटी’ (मायटोकॉन्ड्रियाचं डीएनए) दुसरीकडे ‘सीएचआरएम’ असतं. त्यापेक्षा एचजी38 चीच नावं वापरणाऱ्या यूसीएससी या डेटाबेसचं जीटीएफ घ्या.

डीइसेक2 मध्ये प्रत्येक गटाचे किमान तीन नमुने ठेवा. पहिला स्तर ‘औषध दिलेले’ आणि दुसरा ‘न दिलेले’ असाच भरा, कारण तुलना पहिल्याची दुसऱ्याशी होते. उलट भरलंत तर वाढलेली जनुकं घटलेली दिसतील, आणि कुठलीही चूक दाखवली जाणार नाही.

वर्ग घ्यायचा असेल तर पूर्ण डेटा वापरू नका. सेकटीके या टूलने प्रत्येक फाइलमधून 2 लाख रीड्स निवडा. जोडीतल्या दोन्ही फाइलींना सीड (यादृच्छिक निवडीचा सुरुवातीचा आकडा) एकच द्या, नाहीतर जोड्या तुटतात. ही हिस्टरी लिंकने शेअर केली की विद्यार्थी ती इम्पोर्ट करतात आणि कॉलेजच्या वायफायवर अपलोडचा भार पडत नाही. तीस जणांनी एकदम ‘रन’ दाबलं तर निम्मा तास करड्या रंगाकडे बघण्यात जातो. यावर युरोपच्या सर्व्हरवर प्रशिक्षणासाठी वेगळी रांग मिळते. तिला टीआयएएएस म्हणतात. तारीख ठरली की लगेच अर्ज करा, निदान दोन आठवडे आधी. मुलांची खाती आदल्या दिवशीच काढून ईमेलची खातरजमा करून घ्या.

सहकाऱ्याला निकालाचा तक्ता ईमेलने पाठवला, तर सेटिंग काय होती हे त्याला कळत नाही. त्याऐवजी हिस्टरी त्याच्या खात्याशी शेअर करा आणि तिच्यातूनच वर्कफ्लो (पायऱ्यांचा साचा) काढून सोबत द्या. त्यात टूलची आवृत्तीही नोंदलेली असते. लिंक उघडूनही डेटा दिसत नाही अशी तक्रार आली, तर आतल्या फाइली खासगी राहिल्या आहेत का ते तपासा. सहकारी प्रत इम्पोर्ट करून त्यावर काम करील, तुमची मूळ हिस्टरी जशीच्या तशी राहील.