एमआरआयला जायच्या आदल्या रात्री काय काय काढून ठेवायचं

नागपुरात रामदासपेठेत नाहीतर धंतोलीत घरच्या कोणाचा एमआरआय ठरला असेल तर आदल्या रात्रीच तयारीला बसा, सकाळच्या गडबडीत हमखास काहीतरी राहते.

पहिले जुने कागद शोधा. हृदयातला स्टेंट, कृत्रिम गुडघा, पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, जे काही बसवलं असेल त्याचं कार्ड नाहीतर डिस्चार्ज समरी पाहिजेच, आजकालचे बरेच स्टेंट न् गुडघे एमआरआयमध्ये चालतात पण नेमका कोणता आहे हे कागदावर दिसल्याशिवाय टेक्निशियन आत घेत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. हिंगणा एमआयडीसीत वेल्डिंग-ग्राइंडिंग केलेला माणूस असला तर कोणी विचारायची वाट पाहू नका, स्वतःहून सांगा. डोळ्यात लोखंडाचा बारीक कण अडकलेला असू शकते, म्हणून आधी डोळ्याचा एक्सरे काढतात.

मग अंगावरचं. आमच्या आईला विचारलं तर म्हणे सगळं काढलं, आणि चेंजिंग रूममध्ये पाहतो तर हातातल्या बांगडीला 4 सेफ्टी पिना लटकून राहिल्या, एक पदराला, एक परकराला! जोडवी तर निघेचनात, साबणाच्या पाण्याने काढली तोवर आमचा नंबर पुढच्याला गेला. म्हणून पिना, जोडवी, मंगळसूत्र, हुकाचे ब्लाउज, काजळ, कवळी हे सगळं घरीच उरका. चेन नसलेले साधे सुती कपडे घाला, बाहेर 45 डिग्री असलं तरी आत एसीत थंडी वाजते.

एवढं कशाला म्हणाल तर एमआरआय म्हणजे भलंमोठं चुंबकच, 1.5 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) मशीन पृथ्वीच्या चुंबकाच्या साधारण 30 हजार पट आहे, आणि स्कॅन संपला तरी चुंबक चालूच असते, आतल्या तारा द्रव हेलियममध्ये उणे 269 अंशांवर ठेवलेल्या असतात, पंख्यासारखं बटण दाबून बंद होत नाही ते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईत एक नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेला आणि जीव गमावून बसला बाप्पा. सोबत येणाऱ्यानंही खिसे रिकामे करायचे, किल्ल्या, मोबाइल, एटीएम कार्ड सगळं बाहेर.

डाय (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते औषध) द्यायचा असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट सोबत ठेवा. आत ठकठक आवाज जोरात येते, कानात घालायला मागून घ्या, हातात बेल देतात ती सोडू नका.

पेट-स्कॅन असला तर गोष्ट वेगळी, त्यात शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन ते शरीरात कुठं जमते ते पाहतात. 6 तास उपाशी, फक्त पाणी, म्हणजे सकाळचे तर्री पोहे विसरा, आदल्या दिवशी व्यायाम नाही कारण ते औषध साखरेसारखंच असते आणि थकलेले स्नायूच ते ओढून घेतात. शुगरच्या पेशंटनं गोळी-इन्सुलिनचं आधीच विचारून घ्यावं. वेळेवर पोचा, ते औषध 110 मिनिटांत अर्धं होऊन जाते, कोणासाठी थांबत नाही.

संशोधनासाठी मेंदूचा एफएमआरआय (मेंदू काम करताना पाहायचा एमआरआय) करायला बोलावलं असेल तरी यादी हीच, मशीन तेच असते, रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून मेंदूचा कोणता भाग काम करून राहिला ते पाहतात. फक्त संमतीपत्र नीट वाचा, मधूनच नको वाटलं तर उठून यायचा हक्क असते, आणि स्कॅनमध्ये काही भलतंच दिसलं तर कळवणार का, हे सही करायच्या आधी विचारा.

निघताना फिल्मसोबत सीडीही मागा, दुसऱ्या डॉक्टरला तीच लागते.