हँडहेल्डवर आर्केड एम्युलेटर येतोय म्हणे? थांबा, आधी या चुका टाळा

दर काही महिन्यांनी कोणीतरी पुडी सोडतंच. अमुक हँडहेल्डवर (हातात धरून खेळायच्या मशीनवर) तमुक आर्केड बोर्डाचा एम्युलेटर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम, जवळजवळ तयार आहे, फक्त साऊंड बाकी आहे, याच आठवड्यात येतोय. दुसऱ्याकडे पोचेपर्यंत त्याचं "आलाय" होतं, तिसऱ्याकडे "फुल स्पीड चालतोय". मग बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, एम्युलेटरचा पत्ता नाही आणि इकडे लोकांनी कार्ड फॉरमॅट मारलं, फर्मवेअर (मशीनचं आतलं सॉफ्टवेअर) बदललं, गेमच्या शेकडो झिप गोळा करून बसले. मी पण हे सगळं केलंय, एकदा नाही तीनचारदा. आणि माझं मत असं झालंय की एम्युलेटर आल्यावर जे गंडतं ते बहुतेक अर्ध्या तासात सुटतं, खरी वाट लागते ती वाट बघण्याच्या काळात.

व्हिडिओ बघितला आणि पटला

सोनीच्या पीएसपी हँडहेल्डचंच उदाहरण घेतो कारण माझ्याकडे अजून तोच आहे आणि होमब्रूची (कंपनीबाहेरच्या हौशी लोकांनी बनवलेल्या प्रोग्रॅमची) सगळ्यात जास्त हवा त्याच्याच भोवती झाली. लोक हे विसरतात की पीएसपी हा व्हिडिओ प्लेयर पण आहे. पीसीवर गेम खेळायचा, रेकॉर्ड करायचा, फाइल मेमरी स्टिकवर टाकून प्ले करायची, दोन्ही हातात पीएसपी धरून बटणं दाबल्याचं नाटक करायचं आणि समोरून शूट करायचं, झाला "पुरावा" तयार. मी असाच एक व्हिडिओ लागोपाठ चारदा बघून खूश झालेलो आणि पाचव्यांदा लक्षात आलं की अंगठा बटणावर पोचायच्या आधीच हिरो उडी मारून खाली पण आलाय. डोक्याला हात लावला.

त्यामुळे आता मी एकच बघतो, कॉइन टाकताना दाखवलंय का. आर्केड गेम सहसा कॉइनशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे खरा एम्युलेटर असेल तर बटण दाबल्यावर क्रेडिटचा आकडा शून्यावरून एक झाला पाहिजे, आणखी दोनदा दाबलं की तीन. हे न कापता एका शॉटमध्ये दाखवलं असेल तर माझा अर्धा विश्वास बसतो. नुसता डेमो चालू असलेला व्हिडिओ म्हणजे काहीच नाही. स्क्रीनशॉटचंही तसंच. पीएसपीची स्क्रीन 480 बाय 272 ची, आणि फिरत असलेलं चित्र 384 बाय 224 चं निघालं तर तो कॅपकॉम कंपनीच्या आर्केड बोर्डाचा मूळ साइझ आहे, म्हणजे चित्र बहुतेक पीसीवरच्या एम्युलेटरमधून उचललंय.

त्याच्यावर चालतंय म्हणजे याच्यावर पण चालणारच

नाही हो. जीपी2एक्स नावाचं हँडहेल्ड 2005 मध्ये आलं, त्यात 200 मेगाहर्ट्झचे दोन एआरएम प्रोसेसर, आणि त्याच्यावर मेम4ऑल (मेम या आर्केड एम्युलेटरचं हँडहेल्डसाठीचं रूप) मस्त पळायचं. लगेच चर्चा सुरू, की पीएसपी तर 333 मेगाहर्ट्झला जातो, मग त्याच्यावर दुप्पट पळेल, पोर्ट करायला (दुसऱ्या मशीनवर आणायला) असे किती दिवस लागतात. पण जीपी2एक्सवरचा तो स्पीड येत होता एआरएमच्या असेंब्लीत (प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत) हाताने लिहिलेल्या सीपीयू कोअरमुळे, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या भागामुळे, 68000 या प्रोसेसरसाठी सायक्लोन आणि झेड80 साठी डॉक्टरझेड80. पीएसपीचा प्रोसेसर मिप्स जातीचा. तो कोड तिकडे जसाच्या तसा जातच नाही, सगळं नव्याने लिहा नाहीतर सी भाषेतला हळू कोअर वापरा. मेगाहर्ट्झ मोजून अफवा पसरवणाऱ्यांना हे कोण सांगणार.

दुसरं म्हणजे रॅम, आणि हा हिशोब कोणीही करू शकतं. पहिल्या पीएसपीत 32 एमबी, त्यातले 8 सिस्टीम खाते, उरले 24. मेटल स्लग 3 हा निओ जिओ या आर्केड बोर्डाचा गेम 708 मेगाबिटचा, म्हणजे साधारण 88 एमबी. आता 24 च्या डब्यात 88 कसे बसवणार? बसवले, पण कसे ते पुढे सांगतो. निन्टेन्डोच्या डीएसमध्ये तर मेन रॅमच 4 एमबी. त्यामुळे कोणी म्हणालं की डीएसवर अख्खी आर्केड लायब्ररी येतेय तर आधी गेमचा साइझ बघा, मग खूश व्हा.

वाट बघताना फर्मवेअरशी खेळणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. होमब्रू चालतं ते फर्मवेअरमधल्या भोकामुळे आणि कंपनी नवीन फर्मवेअर काढते ते बऱ्याचदा तेच भोक बुजवायला. पीएसपीवर 1.50 ला होमब्रू चालायचं, 2.0 ला गेलात की दरवाजा बंद, मग सप्टेंबर 2005 मध्ये टिफ फोटो फाइलवाली ट्रिक निघाली तेव्हा परत मागे 1.50 ला यायचा रस्ता मिळाला. मध्ये ज्यांनी "नवीन ब्राउझर आलाय" म्हणून अपडेट मारलं ते नुसते बघत बसले. म्हणून वाट बघत असाल तर वायफायचं ऑटो अपडेट बंद आणि हात खिशात, एवढंच.

आणि याच्या उलट टोक म्हणजे मिळेल ती फाइल चालवणे. 2005 च्या ऑक्टोबरात डाऊनग्रेडर (जुन्या फर्मवेअरवर नेणारा प्रोग्रॅम) म्हणून एक फाइल फिरत होती, ती चालवली की पीएसपीच्या फ्लॅशमधल्या सिस्टीम फाइल्सच उडायच्या आणि मशीन परत सुरूच व्हायचं नाही. त्याच महिन्यात डीएससाठी पण असंच एक निघालं, रोम (चिपवरून काढलेली गेमची कॉपी) चालवणारा लोडर असल्याचं सोंग घेऊन. पीएसपीवाल्यांना 2007 मध्ये पॅन्डोरा बॅटरी (मशीन दुरुस्तीच्या मोडमध्ये सुरू करणारी बदललेली बॅटरी) आल्यावर मेलेली मशीन्स जिवंत करता आली, पण तोवर दोन वर्षं ती मशीन कपाटात पडलेली. तर "लीक झालेला बीटा" कोणी दिला की मी विचारतो, लेखकाने स्वतः टाकलाय का, सोबत रीडमी (माहितीची फाइल) आहे का, व्हर्जन नंबर आहे का. तीनपैकी एकाचंही उत्तर नाही आलं तर ती फाइल माझ्या कार्डावर जात नाही, भले मी एक महिना उशिरा खेळेन.

बरं, आला एकदाचा. आता गेमच लोड होत नाही

इथे नव्वद टक्के लोक एम्युलेटरला शिव्या घालतात आणि त्यातले बहुतेक चूक असतात. लोच्या रोमसेटचा, म्हणजे गेमच्या फाइल्सच्या संचाचा असतो.

कन्सोलचा गेम म्हणजे एक फाइल, आर्केडचा गेम म्हणजे बोर्डावरच्या प्रत्येक चिपची वेगळी फाइल आणि त्या सगळ्यांची मिळून एक झिप. एम्युलेटर झिपच्या नावावरून गेम ओळखतो आणि आतल्या फाइल्सचा सीआरसी (ओळख पटवणारा आकडा) तपासतो. म्हणून झिप उघडून फाइल्स मोकळ्या सोडू नका, आणि "पॅकमॅन माझा आवडता.झिप" असं बारसं तर अजिबात करू नका. मी पहिल्यांदा सगळ्या झिपना छान वाचता येतील अशी नावं दिली होती, दोन तास घालवून, आणि लिस्टमध्ये एक पण गेम दिसेना.

मग येतो व्हर्जनचा घोळ. मेम 1997 पासून चालू आहे आणि दर काही रिलीजला कुठल्यातरी बोर्डाची एखादी चिप नव्याने डंप होते (तिच्यातला डेटा कॉपी होतो), नावं बदलतात, फाइल्स वाढतात. हँडहेल्डवरचे पोर्ट मात्र मुद्दाम जुन्या मेमवर बनलेले असतात कारण ते हलकं. मेम4ऑलचा पाया मेम 0.37 बीटा 5 आहे, म्हणजे 2000 सालचा. त्याला आजचा सेट दिला तर तो म्हणणार फाइल मिसिंग, आणि त्याचं बरोबरच आहे. कॅपकॉमच्या सीपीएस2 बोर्डाचं बघा ना. त्याचा प्रोग्रॅम एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) होता, 2001 च्या सुरुवातीला तो पहिल्यांदा फुटला तेव्हा एक्सओआर टेबलची (ते कुलूप उघडणाऱ्या आकड्यांची) जादा फाइल झिपमध्ये लागायची. 2007 मध्ये अल्गोरिदमच सापडला, एक्सओआर फाइल गेली. पुढे नव्या सेटमध्ये छोटीशी की फाइल आली. गेम तोच, झिपचं नाव तेच, तीन जमान्यात आतला माल वेगळा! त्यामुळे "माझ्या पीसीवर चालते ना ही झिप" याला काही अर्थ नाही. रीडमीमध्ये कुठल्या व्हर्जनचा सेट लागतो ते लिहिलेलं असतं, त्या व्हर्जनची डॅट फाइल (सेटमध्ये काय असावं त्याची यादी) घ्या आणि पीसीवर क्लरमेमप्रोमध्ये आपला सेट तपासा, कुठल्या झिपमध्ये काय कमी आहे ते ओळीने सांगतं. दिसायला तो प्रोग्रॅम एकदम रुक्ष आहे, पण अंदाजाने झिप बदलत बसण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

पॅरेंट (मूळ गेम) आणि क्लोनचं (त्याची दुसरी आवृत्ती) पण लक्षात ठेवा. स्प्लिट सेटमध्ये (जिथे क्लोनच्या झिपमध्ये फक्त वेगळ्या फाइल्स असतात) पॅकमॅनची झिप एकटी चालत नाही कारण मेमच्या हिशोबात मूळ गेम पकमॅन, जपानी नाव, आणि पॅकमॅन हा त्याचा क्लोन, म्हणून दोन्ही झिप शेजारी लागतात. निओ जिओच्या कुठल्याही गेमला बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) निओजिओ.झिप तशीच लागते, न उघडता, रोमच्याच फोल्डरमध्ये.

आणि नक्की गंडलंय काय, एम्युलेटर की रोम, हे कळत नसेल तर रॉबी रोटो लावून बघा. तो गेम हक्कदारांनी फुकट वापरायला मोकळा केलाय आणि मेमच्या अधिकृत साइटवर मिळतो, म्हणजे कायद्याची पण भानगड नाही. तो चालला की एम्युलेटर ठीक, तुमच्या झिप बघा. बाकी गेमचे रोम कॉपीराइटमध्ये येतात, "24 तास ठेवले तर चालतं" ही पण एक जुनी अफवाच आहे, तसा कुठलाही नियम नाही.

पीएसपीवर आणखी एक, चुकीचं फोल्डर. कस्टम फर्मवेअरवर (हौशी लोकांनी बदललेल्या) 1.50 कर्नलचं, म्हणजे जुन्या 1.50 फर्मवेअरसाठी बनलेलं होमब्रू गेम150 फोल्डरमध्ये जायचं आणि बाकीचं नुसत्या गेममध्ये. चुकलं की 80020148 असा एरर नंबर येतो आणि माणूस उगाच घाबरतो, फोल्डर बदललं की बऱ्याचदा काम होतं.

कॅश न बनवता सुरुवात

तर ते 88 एमबी 24 मध्ये कसे बसले. पीएसपीच्या सीपीएस2 आणि निओ जिओ एम्युलेटरसोबत पीसीवर चालणारा एक कन्व्हर्टर येतो. तो गेमचे ग्राफिक्स उलगडून कॅश फाइल बनवतो, ती मेमरी स्टिकवरच्या कॅश फोल्डरमध्ये टाकायची, मग एम्युलेटर खेळता खेळता लागेल तेवढाच तुकडा उचलतो. भारी डोकं लावलंय. पण लोक हे वाचत नाहीत, थेट झिप टाकतात आणि मोठा गेम उघडत नाही म्हणून बोंब मारतात. आणि सगळं कार्डावरून वाचलं जातंय म्हटल्यावर नकली किंवा स्लो कार्ड असेल तर नवीन सीन आला की झटका बसणारच. खेळताना मशीन स्लीपला टाकायची सवय असेल तर आधी स्टेट सेव्ह करा (गेम आहे तिथेच जतन करा), उघडी असलेली फाइल परत उठल्यावर हाताला लागेलच असं नाही.

हँग नाही झालंय, बोर्ड सुरू होतोय

पॅकमॅन चालू केला की आधी स्क्रीनभर कचरा अक्षरं येतात, मग चौकडीची जाळी येते. तो मूळ बोर्डाचा सेल्फ टेस्ट आहे, तो पण एम्युलेट होतो. इथे घाबरून पॉवर बंद करणारे मी बघितलेत. विल्यम्स कंपनीचे रोबोट्रॉनसारखे गेम पहिल्यांदा "फॅक्टरी सेटिंग्ज रिस्टोर्ड" म्हणून थांबतात, गेम एकदा रीसेट केला की पुढे जातात. आणि हो, स्टार्ट दाबून काही होत नाहीये? कॉइन टाका राव, बहुतेक वेळा सिलेक्टवर असतो.

स्लो चालतंय, फाटकं दिसतंय

आधी एम्युलेटरच्या मेनूत क्लॉक (प्रोसेसरचा मेगाहर्ट्झमधला स्पीड) बघा, बऱ्याचदा 222 वर असतो, 333 करा, बॅटरी जरा लवकर संपेल. मग साऊंडचा रेट 44100 वरून 22050 वर आणा, आणि त्यानंतरच फ्रेमस्किप (मधली चित्रं गाळणं). बरेच जण उलट्या क्रमाने जातात आणि गेम विनाकारण झटके देत खेळतात.

दिसण्याचं म्हणाल तर पॅकमॅनची स्क्रीन उभी, 224 रुंद आणि 288 उंच. पीएसपीला उंचीत 272 च ओळी. सोळा ओळी कुठेतरी मारल्या जाणार, आणि गेममधला दाणा फक्त दोन बाय दोन पिक्सेलचा, म्हणून भूलभुलैयात काही दाणे जाड आणि काही अर्धे दिसतात. रोम खराब नाहीये. मेनूत रोटेट असेल तर ते लावा आणि पीएसपी उभा धरा, 480 बाय 272 मध्ये 288 बाय 224 आरामात बसतं. पकड विचित्र होते, एका हाताने खाली पॅड आणि बटणं वर, पण दोन दिवसात सवय लागते.

आणि आर-टाइप किंवा मॉर्टल कोम्बॅट खेळताना आवाज थोडा पुढे मागे किंवा स्क्रोल अडखळल्यासारखं वाटत असेल तर तो तुमच्या मशीनचा दोष नाही. ते बोर्ड सेकंदाला साठ नाही, साधारण 55 फ्रेम काढायचे आणि हँडहेल्डची स्क्रीन साठलाच बांधलेली. व्हीसिंक (गेमची चित्रं स्क्रीनच्या ठोक्याला बांधणारं सेटिंग) बंद करून बघा, स्क्रीन जरा फाटेल पण आवाज आणि स्पीड जागेवर येईल, मी तर आर-टाइप तसाच खेळतो.