‘एफ इज इक्वल टू एमए’ लिहिण्याआधी या चुका टाळा

वही उघडली की पहिल्या ओळीत सूत्र, दुसऱ्या ओळीत आकडे, तिसऱ्या ओळीत उत्तर. आकृती नाही, दिशा नाही. नववीपासून सीईटीपर्यंतची पोरं माझ्याकडे येतात आणि बहुतेकांच्या वह्या अशाच असतात. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हा न्यूटनचा दुसरा नियम सगळ्यांना पाठ आहे. त्यातलं ‘एफ’ म्हणजे नेमकं कुठलं बल, हे मात्र कोणी विचारत नाही.

ते शिल्लक बल. वस्तूवरच्या सगळ्या बलांचा जमाखर्च मांडल्यावर जे उरतं ते. पुस्तक त्याला असंतुलित बल म्हणतं, मी शिल्लक म्हणतो, कारण शिल्लक म्हटलं की पोरं आपोआप वजाबाकी करतात. २० किलोग्रॅमचं खोकं ६० न्यूटननं ढकललं, घर्षण ४० न्यूटन उलट दिशेला. शिल्लक २०, त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. निम्मा वर्ग ६० ला २० नं भागून ३ लिहितो. पर्यायांत ३ छापलेलं असतंच. पेपर काढणाऱ्यालाही ही मंडळी चांगली ठाऊक असतात.

आता तेच खोकं जागेवर उभं आहे आणि तुम्ही ३० न्यूटननंच ढकलताय. ते हलत नाही. घाईतला विद्यार्थी ३० वजा ४० करतो, उणे १० ला २० नं भागतो आणि उणे अर्धा लिहून मोकळा होतो. म्हणजे खोकं ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून आलं! उभ्या वस्तूवरचं घर्षण जेवढ्यास तेवढं असतं. तुम्ही ३० लावलेत तर तेही ३०. गणितात दिलेला आकडा ही त्याची कमाल मर्यादा असते, ठरलेला पगार नव्हे.

पण माझा खरा राग दुसऱ्याच चुकीवर आहे: ‘वस्तू चालतेय, म्हणजे चालण्याच्या दिशेला बल शिल्लक असणारच.’ ही समजूत ॲरिस्टॉटलच्या काळापासूनची आहे आणि ती शब्दांनी जात नाही. एका वर्षी एक मुलगा हटूनच बसला, की लिफ्ट वर जात असेल तोवर आपलं वजन पूर्ण वेळ जास्त भरणार. मी म्हटलं, चल, करून बघू. घरचा डिजिटल काटा घेऊन आम्ही इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरलो. तो काटा असा, की आकडा एकदा स्थिर झाला की तिथेच गोठतो. सातव्या मजल्यापर्यंत ५२ ते ५२. पोरं फिदीफिदी हसली, पाचव्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन दार उघडं धरून उभ्या, आणि तो मुलगा म्हणतो, ‘सर, मग वजन कधीच वाढत नाही!’ एका चुकीच्या जागी दुसरी.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या डॉक्टरांकडून जुना सुईचा काटा आणला. लिफ्ट सुटताना सुई ५६ च्या आसपास गेली, क्षणभरात ५२ वर आली आणि मधले सगळे मजले तिथेच राहिली. थांबताना ४८ पर्यंत घसरली. वेग होता, पण मधल्या मजल्यांवर शिल्लक शून्य होती: काटा त्या मुलाला जेवढा वर ढकलत होता तेवढंच त्याचं वजन खाली. सुटताना मात्र काटा त्याला ४ किलोचं जास्त बल देत होता, म्हणजे सुमारे ३९ न्यूटन. भागिले ५२, त्वरण साधारण ०.७५. उतरताना उलट, आधी ४८ आणि थांबताना ५६. खाली जाणाऱ्या लिफ्टचं त्वरण वरच्या दिशेला असू शकतं, हे त्या मुलाला मग सांगावं लागलं नाही.

ज्यांच्या इमारतीत लिफ्ट नाही त्यांच्यासाठी व्हॉयेजर १ आहे. १९७७ मध्ये सोडलेलं ते यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं चाललंय आणि मागून कोणी ढकलत नाही. उलट सूर्य मागे ओढतोय, म्हणून किंचित मंदावतंय.

बाकीच्या चुका थोडक्यात. वर फेकलेला चेंडू सर्वांत वर पोचला की वेग शून्य होतो, त्वरण नाही. ते तिथेही ९.८ च, खाली. ताशी किलोमीटर थेट सूत्रात घालू नका, ३.६ नं भागा. ग्रॅमचं किलोग्रॅम करा. वजन न्यूटनमध्ये असतं, वाण्याचा काटा काहीही म्हणो. क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, त्यांची एकमेकांतून वजाबाकी करू नका. आणि आकृतीत ‘एमए’ नावाचा बाण काढणाऱ्याचा पेपर मी पुढे वाचत नाही. तो शिलकीचा आकडा आहे, खर्चाची आणखी एक नोंद नव्हे.

माझी सवय सांगतो, पद्धत म्हणा हवं तर. एकच वस्तू निवडून पेन्सिलीनं तिच्याभोवती गोल काढायचा. प्रत्येक बाणाला मालक विचारायचा: हे बल कोण लावतंय? पृथ्वी, दोरी, जमीन, हात. मालक सापडला नाही तर बाण खोडायचा. त्वरणाचा बाण आकृतीच्या बाहेर, लाल पेननं. भागाकार सगळ्यात शेवटी.

याला दोन मिनिटं लागतात आणि तेवढी कोणाकडे नसतात. त्याऐवजी ‘कप्पीचं गणित पाच सेकंदांत’ छापाचे व्हिडिओ बघून कप्पीच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दोन वजनांचं तयार सूत्र घोकायचं. परवा एकानं ते झकास म्हणून दाखवलं. मी त्यातलं एक वजन उचलून खडबडीत टेबलावर ठेवलं आणि दोरी तशीच कप्पीवरून खाली सोडली. त्यानं पुन्हा तेच सूत्र म्हटलं, या वेळी जरा मोठ्यानं.