म्हैसमाळला किती गार असतं, ते स्वतः मोजा

संभाजीनगरजवळच्या खुलताबादेतून म्हैसमाळच्या डोंगरावर चढलं की जो तो म्हणतो, "वर काय गार वाटतंय राव!" किती गार, असं विचारलं की गप्प. भूगोल शिकवताना मीही फळ्यावर "1,000 मीटर चढलं की तापमान 6.5 अंश उतरतं" लिहून मोकळा व्हायचो. निवृत्तीनंतर मोजायला निघालो आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. एप्रिलची दुपार, दौलताबादचा किल्ला. वर बारादरीच्या भिंतीला तापमापक टेकवला, तर पायथ्यापेक्षा तीन अंश जास्त! मी मोजला होता तापलेला दगड. हवा राहिलीच.

तर आधी दोन तापमापक आणा, भिंतीवर टांगायचे असतात ते. तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो 35 च्या खाली वाचतच नाही. आदल्या रात्री दोन्ही एकाच खुंटीला टांगा. सकाळी अर्ध्या अंशाचा फरक दिसला तर वहीत टिपा, नंतर तेवढा वजा करायचा.

जागेवर सगळं अवलंबून आहे. सावली हवी, वारा खेळता हवा, जमिनीपासून छातीएवढी उंची हवी. हवामान खात्याची झडपांची पांढरी पेटी याचसाठी असते. आपल्याला झाडाची फांदी आणि सुतळी पुरते. दहा मिनिटं थांबा, वाचताना तोंडाची वाफ लागू देऊ नका.

आणि दोन्हीकडची वेळ एकच हवी. म्हणून पुतण्याला खाली संभाजीनगरच्या पडेगावला ठेवलं, मी वर म्हैसमाळला गिरिजामातेच्या देवळाजवळ. दुपारी तीनला फोन केला तर गडी 43 सांगतो. कुठं उभा आहेस? तर हॉटेलात, भज्यांच्या कढईपासून दोन हातांवर! लिंबाखाली पाठवला, तेव्हा 39 वर आला. माझ्याकडे साडेपस्तीस.

उंची मोबाइलवर दिसते. संभाजीनगर साधारण 570 मीटर, म्हैसमाळ 900 च्या पुढे. भागाकार केला तर 100 मीटरला जवळजवळ एक अंश पडला, म्हणजे फळ्यावरच्यापेक्षा बराच जास्त. पुस्तक चुकलेलं नाही, 6.5 ही सरासरी आहे. ऊन आधी जमीन तापवतं, जमीन हवा तापवते. ती हवा वर जाते तसा दाब कमी होतो, ती फुगते आणि फुगताना गार होते. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना वॉल्व्हपाशी बोट धरा, तोच गारवा. कोरडी हवा अशी 1,000 मीटरला 9.8 अंश उतरते. पावसाळी हवेत वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, म्हणून ती सावकाश गार होते.

आपल्या दुष्काळाचं एक मूळही इथंच आहे. अरबी समुद्राची ओली हवा सह्याद्री चढते, गार होते, आणि महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर ओतून रिकामी होते. पलीकडे उतरताना ती दाबली जाऊन पुन्हा तापते, ढग विरतात. मराठवाड्याच्या वाट्याला 700 च्या आसपास.

आता हेच मोजमाप जानेवारीत, निरभ्र पहाटे, सूर्य उगवायच्या आत करा. आकडे उलटे येतील. रात्री जमीन उष्णता सोडून देते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी सखल भागात उतरून साचते. त्यात वारा पडलेला असला की पाहायलाच नको. परभणी महाबळेश्वरपेक्षा सुमारे 900 मीटर खाली, तरी थंडीच्या बातम्यांत कितीदा तिचाच पारा खाली असतो.

माझ्या शेतात दोन्ही तापमापक टांगले तेव्हा माळावर 12 होते आणि ओढ्याकाठी 8. ओढ्याकाठची पपई दरसाल का करपते, हे तेव्हा कळलं. त्याआधी तीन वर्षं मी रोपवाटिकेवाल्याशी भांडत होतो. आता पपई माळावर आहे आणि ओढ्याकाठी हरभरा, त्याला थंडी मानवते.