काढा, चूर्ण विचारा. मगच गोळी लिहा

"आणखी काही औषध चालू आहे का?" या प्रश्नाला उत्तर बहुतेकदा "नाही" असंच येतं, काढा किंवा चूर्ण रुग्णाच्या लेखी औषधच नसतं. म्हणून एकेक नाव घेऊन विचारा: काय, किती, कधीपासून? पुढच्या खेपेला डबीच आणायला सांगा. नोंद केसपेपरवर, नेहमीच्या गोळ्यांच्याच रकान्यात करा. वेगळा कागद कुणी उघडत नाही.

ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेला तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सोबत असतील तर जास्तच. सेंट जॉन्स वर्ट या उदासीवर घेतल्या जाणाऱ्या वनस्पतीमुळे वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर घटतो. पण हे वर्ट एकदम थांबवलं तर वॉरफरिन जोर धरतं, रक्तस्राव होऊ शकतो. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, तपासत राहा. आणि रागावू नका, पुढच्या वेळी रुग्ण लपवेल.