सिरीयल कम्युनिकेशन: नव्याने शिकणाऱ्यांसाठी थोडं अनुभवातून

एम्बेडेडच्या, म्हणजे उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या, कामात नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "यूएआरटी, आरएस-२३२, आरएस-४८५, मॉडबस, यातलं आधी काय शिकू?" माझं उत्तर असं, की ही नावं आधी एका रांगेतून बाहेर काढा, ती वेगवेगळ्या पातळ्यांची आहेत. यूएआरटी बिट कोणत्या क्रमाने आणि किती वेळाने पाठवायचे ते पाहतो. आरएस-२३२ आणि आरएस-४८५ मुख्यतः तारेवरच्या व्होल्टेजचे नियम सांगतात. त्या बाइटांचा अर्थ काय, हे मॉडबस ठरवतो. म्हणून "उपकरण ४८५ वर आहे" एवढं कळून भागत नाही. बॉड रेट (सेकंदाला किती बिट), पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) आणि प्रोटोकॉल (बोलण्याचे नियम, जसा मॉडबस) विचारावेच लागतात.

सुरुवात यूएआरटीनेच करा, आणि ती डोळ्यांनी बघा. साधा लॉजिक ॲनालायझर, म्हणजे तारेवरचे ० आणि १ पडद्यावर दाखवणारं यंत्र, पुरतो. ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट असं ठेवून हेक्स ५५, म्हणजे इंग्रजीतलं कॅपिटल यू, सतत पाठवा. सर्वात खालचा बिट आधी जातो, त्यामुळे सुरुवातीचा स्टार्ट आणि शेवटचा स्टॉप बिट धरून दहाही बिट आलटून पालटून येतात आणि पडद्यावर सुरेख चौकोनी लहर दिसते. एका बिटाची रुंदी मोजा, सुमारे १०४ मायक्रोसेकंद भरेल. घेणारी बाजू प्रत्येक स्टार्ट बिटाला नव्याने वेळ जुळवते, म्हणून दोन्हीकडच्या घड्याळांत थोडा फरक चालतो. मी प्रत्येक बाजूला दोन टक्क्यांच्या आत ठेवतो. जुन्या ८०५१ मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डांवर ११.०५९२ मेगाहर्ट्झचा, घड्याळाचे ठोके देणारा, विचित्र वाटणारा क्रिस्टल असतो तो याचसाठी, त्याला भागून ९६०० बरोबर निघतं. १२ मेगाहर्ट्झ लावला तर नेहमीच्या टायमर पद्धतीने जवळचा वेग साडेआठ टक्के चुकतो आणि समोर कचरा दिसतो.

आरएस-२३२ १९६० सालचं आहे, तरी मोजमापाच्या उपकरणांवर अजून भेटतं. त्यात १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. मायक्रोकंट्रोलरची पिन त्याला थेट जोडू नका, मध्ये व्होल्टेज बदलून देणारी मॅक्स२३२ सारखी चिप हवीच.

खरा वेळ द्यायचा तो आरएस-४८५ ला. दोन तारांमधला फरक वाचला जात असल्याने दोन्हींवर सारखाच पडणारा नॉइज बराचसा वजा होतो, आणि कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाता येतं. तार एका उपकरणाकडून पुढच्याकडे सरळ न्या, फांद्या फोडू नका, आणि १२० ओहमचे रेझिस्टर फक्त दोन टोकांना लावा. प्रत्येक उपकरणावर ते बसवलेलं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. त्याने ड्रायव्हरवर, म्हणजे तारेवर सिग्नल पाठवणाऱ्या चिपवर, भार वाढतो आणि सिग्नल खाली बसतो. ए आणि बी ही नावं सगळे उत्पादक सारखी वापरत नाहीत, तेव्हा काहीच बोलणं होत नसेल तर त्या दोन तारा अदलाबदल करून बघायला संकोच करू नका.

दोन तारांच्या ४८५ मधला सर्वात छळणारा दोष मात्र सॉफ्टवेअरमध्ये असतो. एका वेळी एकानेच बोलायचं, त्यामुळे पाठवून झालं की ड्रायव्हर बंद करावा लागतो. नवीन माणूस "बफर रिकामा" हा फ्लॅग (स्थिती सांगणारा बिट) पाहून तो बंद करतो, पण तेव्हा शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमधून (बिट एकेक करून बाहेर ढकलणाऱ्या भागातून) अजून बाहेर पडत असतो, तो अर्धाच जातो आणि पलीकडे सीआरसी (चूक तपासायचा आकडा) चुकतो. "ट्रान्समिशन पूर्ण" या फ्लॅगची वाट बघायला हवी. उलट उशीर केला तर उत्तराची सुरुवात कापली जाते. ड्रायव्हरची एनेबल पिन आणि डेटा एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावले, की दोन्ही दोष लगेच सापडतात.

आयस्क्वेअरसी आणि एसपीआय हे सिरीयल प्रकार बोर्डावरच्या जवळच्या चिपांसाठी आहेत, ते यानंतर घ्या. आयस्क्वेअरसीला पुल-अप रेझिस्टर (तार वरच्या व्होल्टेजला ओढून धरणारे) लागतातच, आणि चिपचा पत्ता वाचताना तो सात बिटांत दिला आहे की आठ, हे तपासा. एकाच ईईप्रॉमचा (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरी चिपचा) पत्ता एका कागदात हेक्स ५० आणि दुसऱ्यात हेक्स ए० असू शकतो. दुसऱ्यात शेवटी वाचणे-लिहिण्याचा बिट धरलेला असतो.